फलक मिशनचा, पदवी कुणाची?

बेळगावहून खानापूर रस्त्याला लागले की उद्यमबाग, पिरनवाडी मागे टाकत मच्छे येते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय याच गावच्या हद्दीत आहे. हे विद्यापीठ १९९८ सालचे. कर्नाटकातल्या बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजांची पदवी इथल्या ‘ज्ञानसंगम’ आवारातून निघते. कॉलेज लिंगायतांचे असो, जैनांचे असो, मराठ्यांचे असो की ख्रिस्त्यांचे, कागदावरची सही विद्यापीठाची. मच्छेकरांना हे वेगळे सांगायला नको. नर्सिंगचा विषय निघाला की मात्र हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे. पीयूसीचा निकाल लागतो, मुलीला सायन्समध्ये बऱ्यापैकी मार्क असतात, मेडिकलची फी झेपणारी नसते, आणि घरात बोलणे सुरू होते : मिशनच्या कॉलेजात घालू या, तिथे शिस्त असते, कॅथलिक विद्यापीठाची डिग्री असली की बाहेरचे लोक लगेच घेतात म्हणे.

या ‘म्हणे’चा आढावा घ्यायला हवा, कारण त्यात निम्मे खरे आहे आणि निम्मे ऐकीव.

परदेशात कॅथलिक विद्यापीठ आणि नर्सिंगची पदवी ही जोडी जुनी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनची कॅथलिक युनिव्हर्सिटी, जॉर्जटाऊन, व्हिलानोवा, शिकागोची लोयोला या सगळ्यांकडे नर्सिंगचे स्वतःचे विभाग आहेत. ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटी १९९१ मध्ये उभी राहिली, तीच मुळी शिक्षक आणि परिचारिका घडवणाऱ्या जुन्या कॅथलिक कॉलेजांच्या एकत्रीकरणातून. आजही तिची ओळख या दोन पेशांनीच होते. तिथे शिकवणारे, परीक्षा घेणारे आणि पदवी देणारे एकच असतात.

आपल्याकडे तसे नाही. भारतात कॅथलिक संस्थांची विद्यापीठे आहेत. बंगळुरूचे ख्राइस्ट २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. जेझुइटांचे सेंट जोसेफ्स २०२२ मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले, उद्घाटनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या. पण ही नावे कला, विज्ञान, वाणिज्य, व्यवस्थापन यांसाठी घेतली जातात. कॅथलिकांचे नर्सिंगमधले खरे काम विद्यापीठांत नाही, रुग्णालयांना जोडलेल्या कॉलेजांत आहे, आणि त्या कॉलेजांची पदवी सरकारी आरोग्य विद्यापीठाची असते. कर्नाटकात १९९६ साली स्थापन झालेले राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकचे. म्हणजे मच्छेची मुलगी बंगळुरूच्या प्रतिष्ठित कॅथलिक कॉलेजात शिकली काय आणि गल्लीतल्या तीन मजली इमारतीतल्या संलग्न कॉलेजात शिकली काय, पदवीदानाच्या कागदावर विद्यापीठाचे नाव तेच. फरक आहे, आणि तो फार मोठा आहे, पण कागदावर नाही.

तो कुठे आहे हे कळायला दोन संस्था पुरेत. मंगळुरूच्या कंकनाडीत फादर ऑगस्टस म्युलर या जर्मन जेझुइटाने १८८० मध्ये गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना काढला, दहा वर्षांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रम. मोठे रुग्णालय, नर्सिंग, मेडिकल कॉलेज हे सगळे त्यानंतर वाढत गेले. बंगळुरूचे सेंट जॉन्स उलट्या बाजूने आले. भारतीय बिशपांच्या परिषदेने १९६३ मध्ये मेडिकल कॉलेज काढले आणि १९८० च्या दशकात नर्सिंगची शाळा व मग कॉलेज उभे केले. दोन्हीकडे कॉलेजच्या पाठीशी भरलेले, चालते, स्वतःचे रुग्णालय आहे. ‘मिशन’ या शब्दाला नर्सिंगमध्ये जी किंमत आहे ती या खाटांची आहे.

आता गोव्याचे बघा. मच्छेवरून जाणारा रस्ता खानापूर, लोंढा करत गोव्यातच उतरतो आणि बेळगाव भागातले पेशंट बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाणे काही नवीन नाही. इतक्या कॅथलिक वस्तीच्या राज्यात नर्सिंगची प्रमुख पदवीसंस्था कुणाची? सरकारची. बांबोळीचीच इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन, गोवा विद्यापीठाशी संलग्न. बेळगावला तर १९५३ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, कँपात सेंट पॉल्स आहे, कॉन्व्हेंट शाळांतून इथल्या सगळ्या जातिधर्मांच्या पिढ्या शिकल्या. चर्चने या शहराला शाळा भरभरून दिल्या. सेंट जॉन्सच्या तोलाचे चर्चचे नर्सिंग कॉलेज मात्र इथे उभे राहिले नाही.

चर्च आणि नर्सिंग यांचे नाते वरवर दिसते तितके सरळ कधीच नव्हते. रुग्णसेवा हे ख्रिस्ती धर्मभगिनींचे पिढीजात काम, हे खरे. पण बाळंतपणाच्या खोलीत त्यांनी जायचे नाही असा चर्चचाच दंडक होता. हिंदुस्थानात परपुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला बायका तयार नसत, बाळंतपणात मरत, आणि ज्यांना मदत करता आली असती त्या धर्मभगिनींचे हात नियमाने बांधलेले. अॅना डेंगेल ही ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत हे डोळ्यांनी बघून गेली आणि १९२५ मध्ये तिने मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली. व्हॅटिकनने दार उघडले ते १९३६ च्या फेब्रुवारीत. गुंटूरला काम करणाऱ्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लाउरी यांनी १९४३ मध्ये देशभरातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना बांधली. केरळच्या मुलींनी देशभरच्या वॉर्डांत जी जागा कमावली, तिच्यामागे ही सगळी तयारी आहे. ती आपोआप झालेली नाही.

मराठी मुलखात सुरुवात वेगळी झाली. १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून पाठ्यपुस्तकांत येते. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर विधवांना आणि गरजू बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवले तेव्हा गहजब झाला. ब्राह्मणाच्या विधवेने परक्याची मलमूत्राची भांडी उचलायची? मिरजेला डॉ. वानलेस यांचे १८९४ चे मिशन हॉस्पिटल या भागाचे मोठे आधारस्थान ठरले. ते मात्र प्रेस्बिटेरियन, कॅथलिक नव्हे. आपल्याकडे ‘मिशन’ म्हटले की सगळे एकाच गाठोड्यात बांधायची सवय आहे, म्हणून हे सांगितले. मराठी कॅथलिकांत हा पेशा खरा रुजला तो वसईत. तिथल्या ख्रिस्ती घरांत शिक्षिका नाहीतर परिचारिका असणे ही गेल्या दोन-तीन पिढ्यांची रीत. अंधेरीचे होली स्पिरिट, वांद्र्याचे होली फॅमिली ही कॅथलिक रुग्णालये त्यांना जवळ पडली.

सीमाभागातल्या मराठा, कुणबी घरांनी या पेशाकडे फार उशिरा पाहिले. ‘नर्स’ म्हटले की सोयरिकीला नाके मुरडणारे लोक अजून जिवंत आहेत. मात्र करोनाच्या दोन वर्षांनी बरेच बदलले आणि सरकारी पगाराच्या आकड्यांनी उरलेले बदलले. २०१६ मध्ये केंद्राने ‘स्टाफ नर्स’चे ‘नर्सिंग ऑफिसर’ केले, एम्सच्या भरतीसाठी देशपातळीवर परीक्षा सुरू झाली, आणि ‘ऑफिसर’ या शब्दाने जे काम केले ते समाजसुधारकांच्या व्याख्यानांना जमले नव्हते.

मग मच्छेच्या मुलीसमोर आज काय आहे? कॅथलिक विद्यापीठाचे जे चित्र परदेशात दिसते, म्हणजे एका समाजाने काढलेली शिक्षणसंस्था, तिचे मोठे रुग्णालय, तिचे कॉलेज आणि पदवीही तिचीच, ते बेळगावात प्रत्यक्षात आहे. फक्त ते चर्चचे नाही. १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी काढलेल्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीचे आहे. केएलईचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चे, नर्सिंग कॉलेज १९८७ चे, आणि २००६ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा. नेहरूनगरच्या त्यांच्या रुग्णालयात चंदगड-आजऱ्यापासून खानापूरच्या जंगलपट्ट्यापर्यंतचा पेशंट येतो. सीमावादाची भाषा आणि राजकारण काही म्हणो, मराठी घरांचा आजारपणातला रस्ता तिकडेच जातो, हे मान्य करायला लाजायचे कारण नाही. माझ्या मते, घरी राहून शिकायचे असेल तर कॅथलिक कॉलेजाची खरी तुलना याच्याशी करायला हवी. फी आणि प्रवेशाची रीत मात्र वेगळी : अभिमत विद्यापीठ आपली प्रक्रिया आपण चालवते, तर राज्य विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतल्या सरकारी कोट्याच्या जागा आता सीईटीच्या वाटेने भरल्या जातात. दोन्ही अर्ज भरून ठेवावेत.

अभ्यासक्रम सगळीकडे सारखाच. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, २०२१ पासून आठ सेमिस्टरमध्ये विभागलेले, शेवटी इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवे, खुल्या गटाला ४५ टक्के. तीन वर्षांचे जीएनएम आणि दोन वर्षांचे एएनएम हे डिप्लोमा अजून चालू आहेत. जीएनएम बंद करण्याची घोषणा मध्यंतरी झाली होती, ती मागे पडली. जीएनएम झालेल्या मुलीला दोन वर्षांच्या पोस्ट बेसिकमधून पदवी घेता येते. घरची ओढाताण असेल तर हा रस्ता मुळीच वाईट नाही. पण थेट पदवी परवडत असेल तर तीच घ्यावी.

कॉलेज तपासायचे ते खाटांवरून. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत कॉलेजला स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय हवे आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत असे आहे. वर्षाला साठ प्रवेश म्हणजे चार वर्षांत दोनशे चाळीस मुली. त्या रोज कुठे उभ्या राहतात, हा प्रश्न पालकांनी विचारायचा. एका कॉलेजच्या मुली वॉर्डात कशा शिकतात बघा : सकाळची हँडओव्हर, नाईटची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून सांगते, सात नंबरला रात्री दोनला ताप १०२, सलाईन सुरू, लघवी कमी झाली आहे. पहिल्या वर्षाची मुलगी मागे उभी राहून लिहून घेते. मग टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वास, चादरींचे कोपरे, इनटेक-आउटपुटचा चार्ट. आदल्या रात्रीपासून लघवी किती झाली तो आकडा चार्टवर भरताना तिला कळते की सात नंबरच्या म्हाताऱ्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतोय, आणि ती इन्चार्जला जाऊन सांगते. हे डमीवर शिकता येत नाही. ज्या कॉलेजचे रुग्णालय फक्त तपासणीच्या दिवशी भरलेले दिसते, तिथल्या मुलींची केस बुके एकमेकींची बघून भरली जातात. असली कॉलेजे कर्नाटकात थोडी नाहीत. या धंद्याची कीर्ती केरळपासून ईशान्य भारतापर्यंत पोहोचली आहे.

बेळगावच्या वॉर्डात सीमाभागातल्या मुलीकडे एक गोष्ट असते जी मंगळुरू-बंगळुरूच्या गुणवत्ता यादीतल्या मुलीकडे नसते. चंदगडची आजी मराठीत कण्हते, शेजारच्या खाटेवरचा सौंदत्तीचा शेतकरी कन्नडमध्ये, पलीकडे उर्दू, आणि लोंढ्याच्या बाजूची एखादी बाई कोकणीत. मच्छेत वाढलेली मुलगी चौघांशीही बोलू शकते. हे कौशल्य कुठल्याच मार्क्सकार्डावर येत नाही आणि आपले लोकही त्याला मोजत नाहीत. कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नडची अट आहे. त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलीने कन्नड लिहायला-वाचायला शिकून घेतलेले बरे. भाषेचा लढा न्यायालयात चालू राहू द्या, नोकरीच्या अर्जावर तो लढता येत नाही.

कॅथलिक संस्थेत जाणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. धर्मांतराची भीती मला निराधार वाटते; या कॉलेजांतून हिंदू, मुसलमान, जैन मुली वर्षानुवर्षे शिकून आपापल्या घरी परतल्या आहेत. अल्पसंख्याक संस्था म्हणून काही जागा ख्रिस्ती मुलींना आणि धर्मभगिनींना जातात, तेवढे गणित धरावे. खरा मुद्दा वेगळा आहे. कॅथलिक रुग्णालयांत गर्भपात आणि नसबंदी होत नाही. १९७१ च्या कायद्याने गर्भपात ठरावीक चौकटीत वैध आहे, कुटुंबनियोजन अभ्यासक्रमात आहे, आणि उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी लागली तर ते रोजचे काम आहे. म्हणून त्या संस्थेची सरकारी दवाखान्यातली पोस्टिंग किती आणि कुठे, हे प्रवेशाआधी विचारावे. विचारण्यात अपमान काही नाही. उलट रुग्णाच्या शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा, कुष्ठरोगी आणि निराधारांशी वागणे यांत या संस्थांचा हात कुणी धरू शकणार नाही, असे त्यांच्या विद्यार्थिनींचे काम बघून म्हणावेसे वाटते.

नोंदणीचा विषय रुक्ष आहे, पण सीमेवरच्या माणसाला तो टाळता येत नाही. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, आता नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे. निपाणीच्या मुलीला कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट दूर. तिला नोकरी कोल्हापुरात सोयीची. मग कर्नाटकातली नोंदणी महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे फिरवून घ्यावी लागते. इथे एक जुनी मेख आहे. कर्नाटकातल्या कॉलेजांना इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते की राज्याची पुरते, हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये निकाल कॉलेजचालकांच्या बाजूचा लागला. संस्थाचालक खूश झाले, पण बाहेरच्या राज्यात किंवा परदेशात अर्ज करणाऱ्या मुलींना ‘तुमचे कॉलेज केंद्राच्या यादीत दिसत नाही’ हे ऐकावे लागले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा करून कौन्सिलचा १९४७ चा जुना कायदा मोडीत काढायची तरतूद केली. त्याच वर्षी केंद्राने मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजे मंजूर केली, १,५७० कोटी रुपयांची. आधी असलेल्यांची झडती घेतली असती तर जास्त बरे झाले असते, असे माझे मत आहे. भोर समितीने १९४६ मध्ये त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका मोजली होती; ती टंचाई आता जागांची उरलेली नाही, शिकवणाऱ्यांची आणि पगाराची आहे.

पगाराबद्दल बोलताना मिशनवाल्यांनाही सोडता येत नाही. ‘सेवा’ या शब्दाआड कमी पगार लपवायची सवय सगळ्याच धर्मादाय रुग्णालयांना आहे. २०११-१२ मध्ये केरळात परिचारिकांनी जे संप केले त्यांत ख्रिस्ती व्यवस्थापनाची रुग्णालयेही सुटली नव्हती. त्याआधी मुंबईत नोकरीच्या बाँडच्या जाचापायी एका तरुण मल्याळी परिचारिकेचा जीव गेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली : दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी पगार द्यावा, त्याखालच्यांनी टप्प्याटप्प्याने थोडा कमी, पण पन्नास खाटांच्या आतल्यांनीही वीस हजारांच्या खाली जाऊ नये. बेळगावातल्या लहान नर्सिंग होममध्ये चौकशी केली तर ही शिफारस किती पाळली जाते ते कळेल.

परदेशाचे बोलणे शेवटी, कारण ते शेवटीच यायला हवे. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी यांपैकी कुणीही कॉलेज कॅथलिक आहे का हे विचारत नाही. अमेरिकेला एनक्लेक्स परीक्षा लागते, ब्रिटनला भाषेची आणि कौशल्याची परीक्षा, जर्मनीला बी-टू पातळीची जर्मन. ते बघतात अभ्यासक्रमाचे तास, प्रत्यक्ष कामाची नोंद आणि नोंदणी चालू आहे की नाही. सेंट जॉन्सची मुलगी तिथे पुढे जाते ती तिला काम येते म्हणून.

तेव्हा मच्छे, पिरनवाडी, खानापूरच्या पालकांना सांगणे एवढेच. सेंट जॉन्स किंवा फादर म्युलरला गुणांवर जागा मिळत असेल आणि वसतिगृहाचा खर्च झेपत असेल, तर खुशाल पाठवा. नाहीतर बेळगावातच, जिथे मोठे रुग्णालय कॉलेजच्या आवारात आहे, तिथे प्रयत्न करा. निपाणीकरांनी कोल्हापूर आणि कराडकडेही बघावे. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी जागा असतात. नर्सिंगला ती सवलत त्या वर्षी कशी लागू आहे ते प्रवेशपुस्तिकेत वाचूनच दाखले काढायला लागा. आणि बसस्टँडवर भेटणारा, ‘सीट पक्की, मिशनचं कॉलेज आहे, फक्त मूळ मार्क्सकार्ड आणि पन्नास हजार द्या’ म्हणणारा एजंट असेल तर त्याला दोन्ही देऊ नका. मार्क्सकार्डाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.